चुली वेगळ्या, कणगी एक

आमच्या मालवण तालुक्यात जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न क्षेत्राचा नसतो. किती गुंठे, कलमं किती, माड किती, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न असतो, ‘सामाईक आसा की वाटप झालेला?’ पुढचं सगळं या एका उत्तरावर ठरतं. घर बांधता येईल का, कर्ज मिळेल का, मुंबईहून किती जणांच्या सह्या आणाव्या लागतील, सगळंच. गेल्या पावसाळ्यात हाच प्रश्न मला तळहातावर मावणाऱ्या एका डिस्कबद्दल विचारावा लागला आणि तेव्हापासून ही दोन्ही वाटपं माझ्या मनात शेजारी शेजारी बसली आहेत.

वायरीतला एक तरुण शेजारी तारकर्लीच्या पाण्याखाली पर्यटकांचं स्कूबा शूटिंग करतो आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्र रात्र जागून दशावताराचे प्रयोग टिपतो. त्याच्याकडे मॅक मिनी आहे. आतली जागा 256 जीबी, ती पुरत नाही आणि मागाहून वाढवता येत नाही. म्हणून त्याने 1 टीबीची बाहेरची एसएसडी घेतली, तिच्यावरच मॅकओएस बसवली आणि मशीन तिच्यावरून सुरू करायला लागला. कोणीतरी सल्ला दिला म्हणून डिस्कचे तीन तुकडेही पाडले. पहिला 150 जीबीचा, सिस्टिमसाठी. मधला 350 जीबीचा, विंडोजवाल्या गिऱ्हाइकांना फायली द्यायला एक्सफॅटमध्ये. शेवटचा 500 जीबीचा, शूटिंगसाठी. दीड वर्षात पहिला तुकडा काठोकाठ भरला आणि शेवटच्यात जवळजवळ चारशे जीबी मोकळे राहिले. संगणक मात्र सांगत होता की अपडेटला जागा नाही.

‘काका, डिस्कवर जागा आसा, पण ती माका मेळणा नाय,’ तो म्हणाला.

मी कागद घेऊन एक लांबट चौकोन काढला आणि त्यात दोन उभ्या रेघा ओढल्या. पहिल्या रेघेपाशी बोट ठेवून म्हटलं, तुझी जमीन इथपर्यंत. वाढायचं तर फक्त उजवीकडे, म्हणजे शेवटाच्या बाजूने वाढता येतं. पार्टिशनची सुरुवात मॅकची डिस्क युटिलिटी हलवत नाही. उजवीकडे लागून मधला तुकडा आहे आणि एक्सफॅट असल्यामुळे तो जागच्या जागी लहानही करता येत नाही. मोकळं रान आहे ते त्याच्या पलीकडे. तो कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘म्हणजे मधी भावाचो वाटो आसा.’

हाच खरा मुद्दा आहे. डिस्कवरच्या वाटण्यांचा इतिहास चाळीसेक वर्षांचा आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं लोकांनी नेमका हाच त्रास काढला. वाटणी करताना माणूस उद्याचा अंदाज बांधतो. कोणाला किती लागेल, हे तो आजच ठरवतो. रेघ एकदा पडली की अंदाज चुकला तरी रेघ तिथेच राहते.

मुळात डिस्कचे तुकडे पाडायची वेळ का आली? 1983 साली आयबीएमचा पीसी एक्सटी आला. त्यात 10 एमबीची हार्ड डिस्क होती. आजच्या चांगल्या कॅमेऱ्याचे दोन फोटोही तिच्यावर धड मावले नसते, पण तेव्हा ती एवढी मोठी वाटली की एकाच डिस्कवर दोन-तीन वेगवेगळ्या कार्यप्रणाली नांदतील अशी सोय करावीशी वाटली. म्हणून डॉसच्या 2.0 आवृत्तीबरोबर एफडिस्क आलं. डिस्कच्या अगदी पहिल्या 512 बाइटच्या कप्प्यात शेवटाकडे चार नोंदींचा एक तक्ता ठेवला गेला. प्रत्येक नोंद 16 बाइटची. तुकडा कुठे सुरू होतो, किती लांब आहे, कोणत्या प्रकारचा आहे आणि मशीन त्याच्यावरून सुरू करायचं का, एवढंच तिच्यात. सर्व्हे नंबर, क्षेत्र, जमिनीचा प्रकार आणि कब्जेदार, असंच म्हणा ना.

आपल्याकडे असा तक्ता त्याआधी दीडशे वर्षं होता. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836 साली इंदापूरला मोजणी सुरू केली. शेताला नंबर, नंबराला क्षेत्र, क्षेत्राला आकार, अशी मुंबई इलाख्याची पद्धत त्यातून उभी राहिली. आज मोबाइलवर उतरवून घेता येणारा सातबारा, म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, त्याच वंशातला. या पद्धतीचं बळ आणि तिचा धोका एकाच गोष्टीत आहे. नोंद वेगळी आणि जमीन वेगळी. जमीन पावसात भिजते, तिच्यावर तण वाढतं, शेजाऱ्याचा गडगा हातभर पुढे सरकतो. नोंदीला त्यातलं काही कळत नाही. डिस्कवरही तसंच. तो चार नोंदींचा तक्ता पुसला गेला तर फोटो, पत्रं, हिशोब सगळं जागच्या जागी असतं, पण मशीनच्या लेखी डिस्क कोरी. डेटा परत मिळवून देणारे लोक पुष्कळदा हेच करतात. ते जमिनीवर फिरून जुन्या गडग्यांच्या खुणा शोधतात आणि तक्ता नव्याने लिहितात.

पुढची पंधरा वर्षं लोकांनी तुकडे पाडले ते बऱ्याचदा हौसेने पाडले नव्हते, आकडेमोडीने त्यांना पाडायला लावले. डॉसला एका तुकड्यात 32 एमबीच्या पुढे जाता येत नव्हतं, म्हणून मोठी डिस्क घेतली की सी, डी, ई करणं भाग होतं. ॲपलने 1985 साली एचएफएस ही रचना आणली. तिला एका व्हॉल्यूममध्ये फार तर 65,536 खाचरं, म्हणजे जागेचे कप्पे, करता येत. डिस्क कितीही मोठी असो, खाचरं तेवढीच. म्हणजे डिस्क मोठी झाली की खाचर मोठं होणार, आणि एका खाचरात दोन फायली राहू शकत नाहीत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी लोअर परळला डीटीपीचं काम करायचो. तिथल्या पॉवर मॅकमध्ये 2 जीबीची डिस्क होती, म्हणजे एक खाचर 32 केबीचं. मराठी फाँटच्या शेकडो लहान लहान फायली. तीन-चार केबीची फाइलसुद्धा 32 केबी अडवून बसायची. आमच्या तिथले वरिष्ठ डिस्कचे चार तुकडे करून फाँट सर्वांत लहान तुकड्यात ठेवत, आणि मला वाटायचं ही काहीतरी शिस्त आहे, टापटीप आहे. ती टापटीप नव्हती. तो गणिताचा नाइलाज होता. 1998 च्या जानेवारीत मॅक ओएस 8.1 बरोबर एचएफएस प्लस आली, खाचरांची मर्यादा चारशे कोटींच्या पुढे गेली आणि तो नाइलाज त्या दिवशी संपला.

सवय मात्र संपली नाही. विंडोजच्या जगात तर आपल्याकडे जोडून मिळणारा प्रत्येक संगणक सीमध्ये विंडोज, डीमध्ये काम, ईमध्ये गाणी, असाच यायचा. एका पिढीचा समज असा झाला की डिस्क म्हणजे तुकडे, आणि तुकडे न पाडणारा माणूस अव्यवस्थित. कारण गेलं तरी रीत उरते, हे आपण घरातही पाहतो. माझ्या शेजाऱ्याला सल्ला देणारा माणूस याच पिढीचा असणार. त्याचा हेतू चांगलाच होता.

2006 साली इंटेलचे मॅक आले आणि त्यांच्याबरोबर नवा तक्ता आला, जीपीटी. चारऐवजी नेहमीच्या मांडणीत 128 नोंदी. जुन्या तक्त्याची 2 टीबीच्या पुढे न जाण्याची अडचण गेली. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की या तक्त्याची एक प्रत डिस्कच्या अगदी शेवटीही ठेवलेली असते. गावच्या दफ्तराची प्रत दुसऱ्या कपाटात ठेवावी, तशी. सुरुवातीचा भाग खराब झाला तरी शेवटून नोंद सापडते. त्याच वर्षी मॅकवर विंडोज चालवायला बूट कॅम्प आलं आणि त्यासाठी मॅकवर प्रथमच, आतला माल न हलवता, चालू डिस्कचा तुकडा लहान करून बाजूला नवा तुकडा पाडता येऊ लागला. 2007 च्या लेपर्डपासून हे काम डिस्क युटिलिटीत माऊसने रेघ ओढून होऊ लागलं.

न हलवता म्हणतो, पण हालचाल होतच असते. तुकडा लहान करायचा तर त्याच्या शेवटच्या भागातला माल आधी उचलून पुढे आणावा लागतो, मग आतला हिशोब दुरुस्त होतो, आणि सगळ्यात शेवटी तक्त्यातला आकडा बदलतो. वाढवताना उलटं, आधी हद्द सरकते, मग आतला हिशोब नव्या हद्दीपर्यंत पसरतो. या क्रमामुळेच मधल्या कुठल्याही क्षणी माल हद्दीबाहेर पडत नाही. वायर निघाली किंवा वीज गेली तर मात्र तो क्रम अर्ध्यावर थांबतो. माझ्या बाबतीत ते झालं. 2009 च्या जुलैत एका दुपारी मी बाहेरच्या हार्ड डिस्कचा तुकडा लहान करत होतो आणि लाइट गेली. मशीनला यूपीएस नव्हता, डिस्कचा ॲडॉप्टर सरळ भिंतीत. दुरुस्तीनंतर डिस्क पुन्हा दिसू लागली, फोल्डरही दिसले, पण त्यातला एक रिकामा निघाला. त्यात वडिलांच्या आवाजातल्या चतुर्थीच्या आरत्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. चूक माझी होती, आणि हा लेख लिहिण्याचं निम्मं कारण तेच आहे.

आता कणगीकडे येतो. आमच्या आजीच्या घरी दोन काका वेगळे झाले तेव्हा जमीन वाटली गेली नव्हती, चूल वेगळी झाली होती. स्वयंपाकघरात कुडाची भिंत आली आणि मागीलदारी आणखी एक दार फुटलं. दोन्ही घरांचा खर्च वेगळा, पाहुणे वेगळे, भांडणं तर वेगळी होतीच. पण माजघराच्या कोपऱ्यातली भाताची कणगी एकच राहिली. ज्याच्या घरी जेवणारी तोंडं जास्त, त्याच्याकडे त्या महिन्यात जास्त भात जायचं. आजी कणगीपाशी उभी राहायची आणि तिला सगळं तोंडपाठ असायचं.

ॲपलने 2017 च्या सप्टेंबरात हाय सिएराबरोबर मॅकवर एपीएफएस आणली, ती हीच रचना आहे. डिस्कवर एक पार्टिशन, त्याला म्हणायचं कंटेनर. कंटेनरच्या आत अनेक व्हॉल्यूम. प्रत्येक व्हॉल्यूमला स्वतःचं नाव, स्वतःच्या फायली, हवं तर स्वतःचं कुलूप. पण मोकळी जागा सगळ्यांची एकच. फाइंडरमध्ये प्रत्येक व्हॉल्यूमपुढे तीच मोकळी जागा दिसते, म्हणून नवखा माणूस गोंधळतो आणि बेरीज करायला जातो. आजीची जागा इथे कंटेनरचा हिशोबनीस घेतो. कोणी जागा मागितली की तो त्या क्षणी मोकळं खाचर काढून देतो आणि लिहून ठेवतो. रेघ आधी ओढायची गरजच उरत नाही. 2019 च्या कॅटालिनापासून तर मॅकओएस स्वतःच अशा वेगळ्या चुली मांडून राहते. सिस्टिमचं व्हॉल्यूम वेगळं, त्यात लिहायला कोणालाच परवानगी नाही. आपल्या डेटाचं व्हॉल्यूम वेगळं. 2020 च्या बिग सरमध्ये सिस्टिमच्या व्हॉल्यूमला सहीशिक्क्याचं मोहोरबंद रूप आलं. एवढी फारकत आणि तरी दोघांमध्ये भिंत नाही.

चाळीस वर्षांचा पट असा मांडला की एक गोष्ट लक्षात येते. डिस्क वाटपाकडून सामाईकाकडे गेली. आमचं कोकण नेमकं उलट्या वाटेने, सामाईकाकडून वाटपाकडे आलं. हे उलटसुलट का झालं, याचा विचार केला पाहिजे.

मालवण 1812 साली कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेलं. पुढे रत्नागिरी जिल्ह्यात सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये खोत हा मोठा पेच होता. 1880 च्या खोती कायद्याने तो पेच नोंदींत बांधायचा प्रयत्न झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं, आणि प्रत्यक्षात खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. हिशोब ठेवणारा खोत स्वतःच हिश्शाचा धनी होता, तिथे कुळाने सामाईकपणावर विश्वास का ठेवावा? आपल्या नावाची, आपल्या हद्दीची, आपल्या हातातली जमीन मागणं हे न्यायाचंच मागणं होतं. वाटणीच्या बाजूने मी जे काही म्हणेन, त्यात हे पहिलं.

मग घराघरातली वाटणी आली. सोळा आण्यांचे भाग, चार आणे या भावाचे, दोन आणे आठ पै त्या पुतण्याचे. नाण्यातून आणा 1957 साली गेला, आमच्या वाटणीतून गेला नाही. मुंबईला गिरणीत गेलेल्यांची, पुढे त्यांच्या मुलांची, मग नातवंडांची नावं एकाच सातबाऱ्यावर चढत गेली. तुकडे फार लहान होऊ नयेत म्हणून 1947 चा तुकडेबंदीचा कायदा होता. पण माणसं वाढतात आणि जमीन वाढत नाही, यावर कायद्याकडे उपाय नव्हता. त्यामुळे एकतर सरस-निरस पाहून वाटप करा, नाहीतर पन्नास सह्यांची वाट पाहा. अर्धी कोकणपट्टी आजही वाट पाहते आहे. पडीक जमिनीत रान वाढतं आहे, आणि कोणाचाच हक्क नाकारलेला नसताना कोणालाच काही करता येत नाही.

सामाईकपण आपोआप भलं असतं, असं मी म्हणू शकत नाही. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळ या गावांत कबुलायतदार गावकर पद्धतीची जमीन आहे. गाव मिळून सरकारला कबुलायत लिहून द्यायचा आणि जमीन सगळ्यांच्या वतीने राखायचा. नोंद पुढे सरकारच्या नावे गेली आणि कसणाऱ्यांनी आपलाच हक्क सिद्ध करण्यात पिढ्या घातल्या. जमीन तिथेच, माणसं तिथेच. हिशोब कोणाच्या वहीत आहे, एवढंच बदललं.

म्हणून फरक शोधायचा तो इथे. कणगी सामाईक राहू शकली कारण आजी होती. ती हजर होती, तिला सगळं माहीत होतं, आणि तिचा स्वतःचा वेगळा वाटा नव्हता. कंटेनर सामाईक राहू शकतो कारण त्याचा हिशोबनीस प्रत्येक क्षणी हजर असतो आणि त्याला वाट्यात रस नसतो. कोकणातल्या सामाईक सातबाऱ्याला असा कोणी नव्हता. सह्यांसाठी एसटीने मुंबई गाठावी लागत होती.

कधी वाटणी योग्यच असते, याचं आमच्या डोळ्यांसमोरचं उदाहरण म्हणजे आमचा जिल्हा. 1 मे 1981 ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. त्याआधी दोडामार्गाच्या कोपऱ्यातल्या माणसाला कलेक्टर कचेरीचं काम म्हणजे रत्नागिरीची वारी होती. ओरोसच्या माळावर सिंधुदुर्गनगरी उभी राहिली, दफ्तरं वेगळी झाली आणि त्या अंतराचा प्रश्न सुटला. रेघ ओढायला सबळ कारण होतं आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना स्वतःचा कारभार चालवायची ताकद होती.

डिस्कवरही हीच कसोटी लावावी, असं माझं ठाम मत आहे. भिंत तिथेच घाला, जिथे पलीकडचा माणूस तुमच्या हिशोबनीसाला ओळखतच नाही. विंडोजला एपीएफएस कळत नाही, घरच्या टीव्हीला कळत नाही. त्यांच्यासाठी एक्सफॅटचा तुकडा वेगळाच हवा. हाय सिएराच्या आधीची जुनी मॅक ओएस चालवायची असेल, तर तिलाही स्वतःची वेगळी जमीन लागते. पण दोन अलीकडच्या मॅकओएस एकाच डिस्कवर ठेवायच्या असतील, तर ॲपल स्वतःच सांगतं की त्याच कंटेनरमध्ये दुसरं व्हॉल्यूम जोडा. एखादं व्हॉल्यूम सगळी कणगी रिकामी करील अशी भीती असेल, तर व्हॉल्यूम करतानाच त्याला कमाल मर्यादा घालता येते, किंवा एखाद्यासाठी किमान जागा राखून ठेवता येते. आजी सणासाठी चार पायली भात बाजूला काढायची, तसंच हे. ही सोय फार थोडे लोक वापरतात, याचं मला वाईट वाटतं.

आणि बॅकअपसाठी त्याच डिस्कवर वेगळा तुकडा पाडणाऱ्यांना कळवळून सांगावंसं वाटतं की तो बॅकअप नव्हे. एकाच होडीत दोन डबे ठेवले म्हणून होडी बुडताना एक डबा वाचत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा कित्येक घरांची छपरं उडाली आणि गावंच्या गावं दिवसेंदिवस अंधारात होती. ज्यांची दुसरी डिस्क दुसऱ्या गावी, बहिणीच्या घरी होती, त्यांचे फोटो शाबूत राहिले.

बाहेरच्या डिस्कवरून मॅक चालवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. 2020 च्या नोव्हेंबरात ॲपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक आले तेव्हापासून बाहेरची डिस्क पूर्ण स्वतंत्र नाही. मशीन सुरू होताना पहिली पावलं आतल्या एसएसडीवरूनच पडतात आणि बाहेरच्या सिस्टिमवरून सुरू व्हायची परवानगीही आतच नोंदलेली असते. घर वाडीबाहेर बांधलं तरी कागद मूळ घरातल्या पेटीत, असा प्रकार. म्हणून आतली डिस्क मेली तर बाहेरच्या डिस्कवरून काम चालेल, या भरवशावर या मशीनांत राहू नये. आतल्या डिस्कवरचे ते लहान लहान, अनोळखी नावांचे तुकडे जागा मिळवायच्या नादात पुसूही नयेत. आणि बाजारातून आणलेली नवी डिस्क वापरण्याआधी डिस्क युटिलिटीच्या व्ह्यू मेन्यूत जाऊन सगळी उपकरणं दाखवायला सांगावं, सर्वांत वरची ओळ निवडावी आणि जीपीटीसकट पुसावी. नुसती खालची ओळ पुसली की जुना तक्ता तसाच राहतो आणि मॅकओएस तिच्यावर बसायला नकार देते.

शेजाऱ्याच्या डिस्कवर आम्ही काय केलं ते सांगतो. तो तीन दिवस थांबायला तयार नव्हता, पण मी थांबवलं. ‘आधी माका सांग, दुसरी प्रत खंय आसा?’ नव्हती. कुडाळहून एक साधी हार्ड डिस्क आली, तिच्यावर सगळं उतरलं, आणि उतरलेल्या फायलींपैकी पंधरा-वीस मी त्याला उघडून बघायला लावल्या. मग डिस्क युटिलिटीतलं फर्स्ट एड चालवून डिस्क तपासली. पहिल्या कंटेनरवर टाइम मशीनचे जुने स्नॅपशॉट जागा धरून बसले होते, ते काढल्यावर त्याला थोडा श्वास मिळाला. मॅक मिनी आणि मॉनिटर इन्व्हर्टरवर घेतले. डिस्कची वायर मागच्या पोर्टातून निघू नये म्हणून त्याने तिला टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलं. खारी हवा इथल्या पोर्टांना काही वर्षांत सैल करते, त्यामुळे ते शहाणपणाचंच होतं.

रात्री साडेदहाला मधला एक्सफॅटचा तुकडा काढला. डिस्क युटिलिटीत एक गोल चक्र दिसतं, वाटणीच्या भाकरीसारखं. त्यातली मधली फोड गेली आणि पहिली फोड पसरून अर्ध्या चक्रापर्यंत आली, 150 ची 500 जीबी. त्या काही मिनिटांत पडदा गोठल्यासारखा होतो आणि नवखा माणूस घाबरून वायर ओढतो. मी त्याचे हात धरून ठेवले असते, पण त्याने ते स्वतःच मागे बांधले होते. मग वाढलेल्या कंटेनरमध्ये ‘शूटिंग’ नावाचं नवं व्हॉल्यूम जोडलं. शेवटच्या तुकड्यातले दशावताराचे प्रयोग त्यात उतरवायला तासाहून जास्त वेळ लागला. बाहेर पाऊस कोसळत होता, दोनदा लाइट गेली आणि इन्व्हर्टरने सांभाळून घेतलं. सव्वा वाजता शेवटचा तुकडाही काढला, आणि चक्रात एकच फोड उरली. पूर्ण डिस्क, एक कंटेनर, सिस्टिम आणि शूटिंग अशा दोन चुली. शूटिंगला आम्ही 800 जीबीची मर्यादा घातली होती, म्हणजे सिस्टिमला पुन्हा उपाशी राहायची वेळ येणार नाही. विंडोजवाल्यांना फायली द्यायला त्याने वेगळा पेनड्राइव्ह ठेवायचं कबूल केलं.

अपडेट सुरू करून तो चहा घेऊन आला. मघाचा कागद टेबलावर तसाच होता. तो पालथा करून त्याने त्याच्यावर दुसरा चौकोन काढला, पण हा डिस्कचा नव्हता. त्यांच्या घरची बाग, त्याचे वडील आणि दोन काका. धाकटा काका चतुर्थीला डोंबिवलीहून येणार आणि मोजणीचा अर्ज झालेला. ‘मोजणीक तुमी येशात मा, काका?’ त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याने दोन रेघा ओढल्या, एक खोडली, जरा डावीकडे पुन्हा ओढली. मधोमध एक लहान वर्तुळ काढलं तेव्हा पेन थांबलं. ती विहीर होती. थोडा वेळ तो वर्तुळाभोवती पेन फिरवत राहिला. मग दोन्ही रेघा विहिरीच्या अलीकडे तोडल्या आणि खाली समासात लिहिलं: विहीर, पाणंद, देवघर – सामाईक.